एकशे बारा चेहरे, एक पाठ

कुलपाने सतरा वर्षांत एकच गोल केला, आणि तो पाहिला नाही असा माणूस या शहरात शोधून सापडायचा नाही. क्लबच्या मैदानाच्या पायऱ्यांवर माणसं कोंबून बसवली तरी साडेचारशेच्या वर मावत नाहीत, आणि त्या दिवशी कोंबाकोंबी अजिबात नव्हती. तरीही तो गोल 'या डोळ्यांनी' पाहिलेली किमान बाराशे माणसं गेल्या अकरा वर्षांत मिलिमीटररावांना भेटली होती. त्यातली काही तेव्हा पाळण्यात असणार. एक जण तर त्या वर्षी परदेशात होता, पण त्याचंही म्हणणं होतं की चेंडू वरच्या दांडीला घासून गेला.

मिलिमीटरराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात होते. दुकानांतून फिरायचं, तराजू तपासायचे, खोटा निघाला तर नापास करायचा, हे त्यांचं काम. घराच्या दाराची नवी चौकट चार मिलिमीटर तिरकी आहे म्हणून त्यांनी सुताराला ती तीनदा काढायला लावली. सुतार निघून गेला, दार आजतागायत लागत नाही, आणि इमारतीने त्यांना हे नाव दिलं. त्यांना ते आवडायचं. लोक थट्टेनं म्हणतात हे त्यांना कळत होतं, पण थट्टा करणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी काटकोन नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

कुलूप हेही खरं नाव नव्हे. हा खेळाडू डाव्या बाजूला बचावाला उभा राहायचा. त्याच्यापुढून कुणी जाऊ शकत नाही म्हणून पहिल्याच वर्षी कुणीतरी त्याला हे नाव ठेवलं, आणि दुसऱ्या वर्षापासून लोकांना पश्चात्ताप होऊ लागला. पण नाव एकदा पडलं की पडलं. समोरचा पोरगा त्याच्या बाजूने झपकन निघून जायचा, कुलूप त्याच्या पाठीकडे बघत उभा राहायचा, आणि पायऱ्यांवरून शेलके शब्द यायचे. सहा वर्षं हे असंच चाललं. मग एके दिवशी, त्र्याऐंशीव्या मिनिटाला, या माणसाने लांबून, फारच लांबून, डाव्या पायाने एक फटका मारला आणि गोल झाला. त्या क्षणापासून सगळ्यांचं त्याच्यावर पहिल्यापासून प्रेम होतं.

आता अडतिसाव्या वर्षी कुलूप निवृत्त होत होता. वीस तारखेला क्लबच्या मैदानावर निरोप समारंभ ठरला. क्लबच्या सचिवांनी फळ्यावर सूचना लावली की एका चाहत्याला व्यासपीठावरून 'कुलपाची माझी सर्वांत आवडती आठवण' तीन मिनिटांत सांगायला मिळेल, आणि त्याच्याच हस्ते कुलपाला स्मृतिचिन्ह दिलं जाईल.

मिलिमीटररावांनी ती सूचना दोनदा वाचली. सतरा वर्षं रविवार दुपार चुकवली नव्हती, आणि सतरा वर्षांत त्या माणसाशी एक शब्द बोलणं झालं नव्हतं. त्यांना स्मृतिचिन्हाचं काही नव्हतं. ते लाकडाचं आणि बहुधा तिरकंच असणार. त्यांना एवढंच हवं होतं की त्या माणसाला एकदा कळावं, आपल्याला कुणीतरी नीट पाहत होतं. इतरांसारखं शेंगदाणे खात खात नव्हे, नीट.

सचिवांच्या खोलीत ते पोहोचले तेव्हा तिथे औषधवाले आधीच खुर्चीत बसलेले होते. हे गृहस्थ मिलिमीटररावांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे आणि कोपऱ्यावर त्यांचं औषधांचं दुकान होतं. माणूस तसा वाईट नव्हता. ज्याला सगळं माहीत असतं त्याच्याइतकाच वाईट होता.

"पंचावन्न मीटर," औषधवाले सचिवांना सांगत होते. "सेंटीमीटर कमी नाही. मी तिसऱ्या पायरीवर होतो."

"पंचावन्न कशावरून?" मिलिमीटररावांनी दारातूनच विचारलं.

"डोळ्यांवरून."

"डोळ्यांचा नंबर काय आहे तुमच्या?"

"तो आत्ता झाला हो. तेव्हा नव्हता."

"पंचावन्न मीटर म्हणजे तो स्वतःच्या अर्ध्या मैदानात उभा होता. एवढ्या लांबून बॉल गेला असता तर गोलकीपर घरी जाऊन, जेवून परत आला असता."

"मग तुम्ही सांगा ना किती. तुम्ही कुठे होता?"

"मी पण तिथेच होतो," मिलिमीटरराव म्हणाले. "स्पष्ट पाहिलंय. बॉल जाळीत शिरला तेव्हा जाळीच्या चौकोनांवरचं पाणी उडालेलं आठवतंय मला. आपल्याला फेकाफेक जमत नाही. मी मोजून सांगेन."

सचिव हे दोन माणसं भांडू लागली की मनातल्या मनात तिसरंच काम उरकून घेणारे गृहस्थ होते. त्यांनी मान वर केली. "मोजून म्हणजे कसं? अकरा वर्षं झाली."

भिंतीवर पोस्टकार्डाएवढा एक फोटो टांगलेला होता. त्या क्षणाचा तेवढा एकच. कुलूप पाठमोरा, डावा पाय हवेत, समोर लांबवर गोल आणि त्यामागे ठिपक्यांएवढी माणसं. मिलिमीटररावांनी फोटोवर बोट ठेवलं. कोपऱ्यातल्या दिव्याच्या खांबाची लांब सावली गवतावर पडली होती आणि तिचं टोक बरोबर कुलपाच्या उजव्या बुटापाशी होतं.

"याच महिन्यातली चौदा तारखेची मॅच," ते म्हणाले. "येत्या चौदालाही सूर्य तिथेच असणार. त्याची बदली होत नाही. साडेतीनला सुरू झाली, मध्ये पंधरा मिनिटं सुट्टी, त्र्याऐंशीवं मिनिट. म्हणजे पाच वाजून आठ. त्या वेळी सावलीचं टोक जिथे पडेल तिथून गोलपर्यंत टेप लावायची. संपलं."

सचिव प्रभावित झाले. विज्ञानाने ते नेहमीच प्रभावित होत, कारण त्यात त्यांना काही करावं लागत नसे. "जो पुरावा आणेल तो बोलेल," त्यांनी निकाल दिला. "आणि काय हो, हा फोटो मोठा करून मिळेल?"

"मला तर मोठा करावाच लागणार आहे. सावलीचं टोक बघायला."

"मग आपल्यालाही एक करा. स्टेजच्या मागे लावू. चांगला चार मीटर रुंद."

स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताना माणसाला धोंड्याचं वजन कळत नाही, आणि हे वजनमापं खात्यातल्या माणसालाही लागू आहे. मिलिमीटरराव आनंदाने हो म्हणाले.

फोटोवाल्याचा स्टुडिओ दोन गल्ल्या पलीकडे होता. त्या दिवशी त्याच्या कॅमेऱ्यात एकाच फोटोची जागा उरली होती आणि त्याला घरी जायचं होतं, म्हणून त्याने तो एकदाचा खेचून टाकला होता. अकरा वर्षं तो याला कलात्मक जाण म्हणत आला होता. जुन्या डब्यातून त्याने मूळ फोटो शोधून काढला, वर्तमानपत्राच्या पानाएवढी प्रत करून दिली आणि स्टेजसाठीचा बोर्ड छापायला पाठवला. मिलिमीटररावांनी त्यात फक्त बूट आणि सावली पाहिली. शास्त्रीय दृष्टी असलेला माणूस हवं तेवढंच पाहतो.

मग अडचण निघाली खांबाची. चार वर्षांपूर्वी वीज खात्याने तो बदलला होता. नवा खांब उंच होता की बुटका, हे कळल्याशिवाय सावलीला काडीचा अर्थ नव्हता. ते रजा टाकून वीज खात्याच्या कचेरीत गेले.

"जुन्या खांबाची उंची हवी होती," ते खिडकीतल्या कारकुनाला म्हणाले.

"खांब कुठाय?"

"काढला तुम्ही."

"मग उंची कशाला?"

"त्याच्या सावलीसाठी."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्याकडे लोक उजेडासाठी आले होते. सावलीसाठी आलेला हा पहिलाच. "सावलीचा फॉर्म नाही आपल्याकडे," तो बराच विचार करून म्हणाला. "खांब हलवण्याचा आहे. तो भरा."

"मला हलवायचा नाहीये."

"भरून तर द्या. फाइल उघडल्याशिवाय उंची दिसत नाही, आणि अर्ज असल्याशिवाय फाइल उघडत नाही."

फॉर्मच्या सातव्या रकान्यात 'खांबामुळे अर्जदारास होणारा त्रास' लिहायचा होता. मिलिमीटररावांनी प्रामाणिकपणे 'खांब नसल्याचा त्रास' असं लिहिलं आणि तीन दिवस फाइल वरच्या साहेबांकडे अडकली, कारण असं उत्तर याआधी आलं नव्हतं. चौथ्या दिवशी उंची मिळाली, बारा मीटर. नवा खांबही बाराच मीटर होता. म्हणजे ही यातायात केली नसती तरी चाललं असतं. पण आधी कसं कळणार, असं त्यांनी बायकोला विचारलं. उंची जुन्या खांबावरही रंगवलेली होती आणि नव्यावरही आहे, असं ती म्हणाली. ती येता-जाता वाचायची.

एव्हाना इमारतीत गोष्ट पसरली होती आणि सल्ले सुरू झाले होते. वरच्या मजल्यावरच्या शिक्षकांचं म्हणणं पडलं की पृथ्वी अकरा वर्षांत थोडी कलली असेल, ते धरा. औषधवाले जिन्यात गाठून रोज एकच वाक्य म्हणायचे, "ढग आले तर काय करणार?" सहानुभूतीच्या आवाजात म्हणायचे, त्यामुळे उलट उत्तरही देता येईना.

ढग आले नाहीत. चौदा तारखेला पाच वाजता मिलिमीटरराव खात्याची शंभर मीटरची पोलादी टेप घेऊन मैदानात उभे होते. टेपसाठीही एक अर्ज झाला होता, तो जाऊ दे. बायकोला त्यांनी सावलीच्या टोकाशी उभं केलं होतं.

"हलू नका," ते म्हणाले. घाईत आणि विज्ञानात ते बायकोला अहोजाहो करायचे.

"मी नाही हलत. सावली हलतेय."

"मिनिटाला चाळीस सेंटीमीटर हलणारच. पाच-आठला पाय रोवा."

"आणि मॅच त्या दिवशी उशिरा सुरू झाली असेल तर?"

हा प्रश्न त्यांना आवडला नाही, कारण तो बरोबर होता. पंच वेळेवर येतो हे गृहीत धरणं म्हणजे निव्वळ श्रद्धा. शेवटी त्यांनी पंचाला दीड मिनिट सूट दिली आणि वहीत लिहिलं, अंतर अडतीस पूर्णांक चार दशांश मीटर, साठ सेंटीमीटर इकडे किंवा तिकडे. पंचावन्नचं पार भुस्काट झालं होतं. बायकोच्या पायाशी त्यांनी चुन्याने पांढरी फुली मारली, आणि घरी जाताना ते शीळ घालत होते. काटकोनाबाहेरचा त्यांचा हा एकमेव छंद.

शनिवारी जेवणाच्या टेबलावर फोटोची मोठी प्रत पसरून ते अहवाल लिहायला बसले. आठवण कसली, अहवालच तो. अहवालाला परिपूर्णता हवी, म्हणून त्यांनी ठरवलं की फोटोत प्रत्यक्ष साक्षीदार किती ते मोजून टाकावं. भिंग घेऊन ते एकेक डोकं टिपत गेले. पायऱ्यांवरचे, गोलमागे उभे राहिलेले, राखीव खेळाडू, पाणी देणारा. एकशे बारा चेहरे भरले. सगळे चेंडूकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघत होते. आणि गोलच्या डाव्या अंगाला, मैदानाच्या लोखंडी फाटकात, एक माणूस होता ज्याला चेहराच नव्हता. तो पाठ करून बाहेर चालला होता.

"हे बघ," मिलिमीटरराव खदखदून हसत बायकोला म्हणाले. "असे असतात लोक. सतरा वर्षांतला एकुलता एक गोल, आणि हे गाढव निघालंय घरी. आता हाच सगळ्यांना सांगत सुटला असेल, पाहिला म्हणून."

बायकोने भिंग घेतलं. मग ती त्या माणसाच्या खांद्यावर ते नेऊन थांबली.

"काय झालं?"

"गाढवाच्या शर्टाला खांद्यावर हिरवं रफू आहे."

"मग?"

"पिवळ्या शर्टाला हिरवा दोरा मीच घातला होता. पिवळा संपला होता. तुम्ही दोन दिवस बोलला नव्हतात माझ्याशी."

मिलिमीटरराव म्हणाले की हिरव्या दोऱ्याने रफू करणारी बायको जगात एकटी नसते. मग ते म्हणाले की फोटोत रंग उतरतात. मग त्यांनी अहवालाची वही मिटली. कारण एक गोष्ट आता त्यांना दिसू लागली होती, आणि एकदा दिसली की ती पुसता येत नव्हती. त्यांच्या आठवणीत जाळी होती, तिच्यावरून उडालेलं पाणी होतं, आणि ती जाळी त्यांना नेहमी मागून दिसायची. पायऱ्यांवरून जाळी मागून दिसत नाही. मागून ती फक्त फाटकातून दिसते, आरडाओरडा ऐकून दचकून वळलेल्या माणसाला, सगळं होऊन गेल्यावर. अकरा वर्षांत या गोष्टीचं त्यांना एकदाही नवल वाटलं नव्हतं. हजारभर तराजू नापास केलेल्या या माणसाने आपलं एक वजन कधी तपासलंच नव्हतं.

"मी वैतागून निघालो होतो," ते हळूच म्हणाले. "तीन-शून्यने हरत होतो. तिन्ही त्याच्या बाजूने झाले होते."

"होतं असं," बायको म्हणाली. "नका जाऊ उद्या."

"न जाऊन काय? स्टेजवर चार मीटरचा फोटो लागतोय."

तेव्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की चार मीटरच्या फोटोत ती पाठ चांगली वीतभर होणार.

बोर्ड छापणाऱ्याच्या दुकानात मिलिमीटरराव धापा टाकत पोहोचले तेव्हा फोटो पडद्यावर उघडलेलाच होता. "यातला एक माणूस काढता येईल का?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"काढू की. माणसं काढणं हाच तर अर्धा धंदा आहे आपला," छापणारा म्हणाला. "लग्न मोडलं की लोक आधी इथेच येतात. कुठला?"

त्यांनी बोट दाखवलं.

"हा? हा कशाला? भारी आहे हा. सगळी दुनिया इकडे आणि हा तिकडे."

"क्लबचं म्हणणं आहे," मिलिमीटरराव म्हणाले. आयुष्यातलं हे त्यांचं पहिलं अधिकृत खोटं.

छापणाऱ्याने खूप खटपट केली. पण माणूस काढला की फाटकाचे गज अर्धेच राहायचे आणि तिथे भुतासारखी एक पोकळी दिसायची, म्हणजे लक्ष हमखास तिकडेच जाणार. डावी कड कापावी, तर बोर्ड सचिवांनी सांगितलेल्या लोखंडी चौकटीत बसेना. शेवटी त्याने तोडगा काढला. क्लबचं चिन्ह होतं पंख पसरलेली घार. ती त्या पाठीवर चिकटवायची. घार चपखल बसली, फक्त जरा आखूड पडली. तिच्याखाली पँट आणि दोन बूट उरले.

"मोठी करा."

"मोठी केली तर गोलकीपर झाकतो, काका. गोलकीपरला काढायचाय का?"

समारंभाला मैदान भरलं होतं. एवढी गर्दी कुलपाने खेळताना कधीच पाहिली नसणार. लोकांना निरोप द्यायला नेहमीच उत्साह असतो, त्यात हरण्याची भीती नसते. व्यासपीठामागे चार मीटरचा बोर्ड लागला होता आणि त्यात एक घार पँट घालून फाटकाबाहेर चालली होती. सचिवांना ती फार आवडली. क्लब पुढे चालल्याचं ते प्रतीक आहे, असं त्यांनी प्रास्ताविकात सांगून टाकलं.

कुलूप खुर्चीत बसला होता. जवळून तो बराच लहान दिसत होता. सचिवांनी 'आता आपले मिलिमीटरराव' असं पुकारलं आणि मिलिमीटररावांनी कागद उलगडला. शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ खर्चून त्यांनी मजकूर असा बांधला होता की त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि 'मी पाहिलं' असं एकाही वाक्यात नव्हतं. "खांबाची उंची बारा मीटर," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "सावलीच्या टोकाचा वेग मिनिटाला चाळीस सेंटीमीटर. पंचाच्या संभाव्य विलंबासाठी दीड मिनिटाची तरतूद केली आहे."

पहिल्या रांगेत कुणीतरी जांभई दिली. दुसऱ्या रांगेतून औषधवाले मोठ्याने म्हणाले, "अहो, खांबाचं राहू द्या. तुम्ही काय बघितलंत ते सांगा ना."

मिलिमीटररावांनी कागदात पाहिलं. तिथे याचं उत्तर नव्हतं. ते त्यांनीच काळजीपूर्वक काढून टाकलं होतं. तीन मिनिटांतलं एक मिनिट त्यांनी कागद उलटसुलट करण्यात घालवलं, आणि माईकमधून कागदाची सळसळ साऱ्या मैदानाला ऐकू जात होती.

कुलूप मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो खुर्चीत वळून बोर्डाकडे पाहत होता. मग तो उठला, आला आणि त्याने माईक हातात घेतला.

"इथे एक माणूस होता," तो घारीकडे बोट दाखवून म्हणाला. "कुठे गेला?"

सचिव म्हणाले, "ते आपलं चिन्ह आहे."

"चिन्ह आत्ता आलंय. इथे माणूस होता. ऑफिसातला फोटो मी अकरा वर्षं रोज बघतोय. सगळ्यांना वाटायचं मी स्वतःला बघतो. मी ह्याला बघायचो." त्याला बोलायची सवय नव्हती. "मी आलो तेव्हापासून एक माणूस दर रविवारी ओरडायचा, चौथ्या-पाचव्या पायरीवरून. 'कुलपा, किल्ली टाक आणि घरी जा.' एक रविवार चुकला नाही. पाऊस असो, काही असो. त्या दिवशी तिसरा गोल झाल्यावर म्हणाला, 'तू जात नाहीस ना, मग मीच जातो.' आणि निघाला. चालतोय असा, आरामात, गोलच्या बाजूने. तेवढ्यात बॉल माझ्याकडे आला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, फाटकाबाहेर पडायच्या आत याच्या पाठीत घालतो."

सचिवांनी घारीकडे पाहिलं.

"मी गोलवर मारलाच नव्हता," कुलूप म्हणाला. "त्याला मारला होता. पण माझा बॉल आत वळतो, तुम्हाला माहितीय. वळला आणि गोलमध्ये गेला. तुम्ही सगळे नाचायला लागलात. मी कुणाला सांगणार?"

यानंतर जे झालं त्यावरून माणसांबद्दल काय मत करून घ्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मग औषधवाले उठून उभे राहिले, घसा साफ केला, आणि विनयाने मान खाली घालून म्हणाले, "ती पाठ माझी होती."

"तुम्ही तिसऱ्या पायरीवर होतात," मिलिमीटररावांच्या तोंडून निघालं.

"आधी होतो. मग निघालो."

मागून आणखी दोन हात वर झाले. एक त्या वर्षी परदेशात असलेल्या गृहस्थांचा होता. शनिवारी जी पाठ लपवण्यासाठी एका सरकारी नोकराने खोटं बोलून घार चिकटवली, ती पाठ आता मैदानातली सर्वांत मानाची जागा झाली होती, आणि तिच्यावर हक्क सांगायला रांग लागत होती. मिलिमीटररावांनी माईक मागितला.

"ती पाठ माझी आहे," ते म्हणाले. "मी गोल पाहिला नाही. अकरा वर्षं मी पाहिला म्हणून सांगत आलो, ते चूक आहे. मी ओरडलो, तेही मीच. आणि घारही मीच लावली."

लोक हसले. कुणाचा विश्वास बसेना. खोटं बोलणाऱ्या तिघांपेक्षा हा चौथा फारच तपशिलात शिरत होता. औषधवाले समजुतीने म्हणाले, "राहू द्या हो. मोजणं वेगळं आणि तिथे असणं वेगळं."

तेव्हा चौथ्या रांगेतून मिलिमीटररावांची बायको उठली. तिने पिशवीतून वर्तमानपत्राएवढा फोटो काढला आणि उलगडून वर धरला. घार नसलेला.

"ती पाठ यांचीच आहे," ती म्हणाली. "खांद्यावरचं रफू माझं आहे, पण ते जाऊ द्या. लग्न झाल्यापासून दर रविवारी दुपारी जेवण झालं की दारातून हीच पाठ बघतेय मी. ओळखायला मला भिंग लागत नाही."

यावर औषधवाल्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. ते बसले.

कुलूप मिलिमीटररावांसमोर येऊन उभा राहिला. "म्हणजे तुम्ही होय," तो म्हणाला. "लईच लहान दिसता जवळून."

"तुम्हीही," मिलिमीटरराव म्हणाले. सतरा वर्षांतला न ओरडलेला हा त्यांचा पहिला शब्द. स्मृतिचिन्ह त्यांनी पुढे केलं. ते तिरकं होतं, पण मिलिमीटररावांनी ते तसंच दिलं. मग मात्र त्यांच्या चेहऱ्यावर एकदम काळजी पसरली. "अहो, पण मग माझं अंतर चुकलं."

"का?"

"मी गोलपर्यंत मोजलं. तुमचा नेम फाटकावर होता. फाटकापर्यंत मोजायला हवं."

खात्याची टेप पिशवीतच होती. ती परत करायला दुसरा अर्ज लागत होता आणि तो अजून मंजूर झाला नव्हता. भाषणं सोडून लोक मैदानात उतरले. कुलपाने पांढऱ्या फुलीवर उभं राहून शून्याचं टोक धरलं. मिलिमीटरराव टेप सोडत, त्याच्याकडे पाठ करून, फाटकाकडे निघाले. औषधवाले आधीच तिथे जाऊन पोहोचले होते, नक्की कुठल्या गजापाशी पाठ होती ते दाखवायला.

फाटकाशी येऊन मिलिमीटररावांनी टेप ताणली आणि आकडा वाचला. एकसष्ट पूर्णांक दोन दशांश. पंचावन्नच्याही पलीकडे. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

"मिलिमीटर, टेप टाक आणि घरी जा."

या वेळी त्यांनी वळून पाहिलं. शून्याचं टोक गवतात पडलं होतं, आणि कुलपाच्या डाव्या पायापुढे कुठून तरी चेंडू आला होता. फटका बसताना त्यांना स्वच्छ दिसला. चेंडू वर चढताना, येताना, शेवटपर्यंत दिसला. नेम अचूक त्यांच्यावर होता. ते जागचे हलले नाहीत.

चेंडू नेहमीप्रमाणे वळला आणि औषधवाल्यांना लागला.